पाठीचं खरं

दिगू, उजव्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला उरलेला तुझा रंग आज सकाळी गेला. तळहाताचा आधीच गेला होता. लिंबू घासलं, रॉकेल लावलं, दगडाने खरडलं, पण तो त्याच्या वेळेनेच गेला. भूमी अभिलेखच्या खिडकीत मोजणीचे अर्ज घेताना लोक माझ्या हाताकडे बघायचे. एका म्हाताऱ्याने विचारलंसुद्धा, "साहेब, मेंदी काढली का?" मी हो म्हणालो. तू असतास तर मांडीवर थाप मारून म्हणाला असतास, "कोणाच्या लग्नाले गेलता बे बाबू?" तू मला चौदा वर्षांत कधी नावाने हाक मारली नाहीस. कारकून दिसला की त्याला बाबू म्हणायचं, एवढंच तुला माहीत.

वहिनींना या रंगाचं पहिल्यांदा समजावताना तुझी तारांबळ उडाली होती. लग्नाला महिना झालेला आणि नवरा अंगाला डांबर फासल्यासारखा होऊन घरी आलेला. तू सांगत होतास की स्टेजवरच्या दिव्यांत कातडी फिकी दिसते, स्नायूंच्या रेघा पुसल्या जातात, म्हणून शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेआधी अंगभर काळपट तपकिरी रंग चोपडावा लागतो. त्यांनी शांतपणे विचारलं, "आन् पाठीले कोन लावते?" तू माझ्याकडे बोट दाखवलंस. छाती, हात, मांड्या आपल्या आपण रंगवता येतात. पाठीला दुसऱ्याचा हात लागतो.

एकाच वजनगटातले, एकाच बक्षिसावर डोळा ठेवून बसलेले दोघे एकमेकांच्या पाठी रंगवतात, हे बघून बाहेरगावचे खेळाडू हसायचे. त्यांच्यासोबत कोच असायचे, भाऊ असायचे, कोणाची तर अख्खी जिमच जीप करून यायची. तुझ्या घरचे कापूस वेचणीत, आणि माझ्या बाबांच्या मते हा खेळ म्हणजे चारचौघांत चड्डीवर उभं राहण्याचा निर्लज्जपणा. मग आपल्याला आपणच उरलो.

यवतमाळची ती पहिली स्पर्धा आठवते? शाळेच्या वर्गात कपडे बदलायला जागा दिली होती. मी बाटली हातात धरून, मान मुरगळून, आपल्याच पाठीपर्यंत पोचायची खटपट करत होतो. तू बोरी अरबहून एसटीने आलेला, खांद्यावर टॉवेल, पायात स्लीपर. ओळख ना पाळख, सरळ येऊन माझ्यापुढे पाठ करून उभा राहिलास.

"लाव ना भाऊ. तुह्या मी लावतो."

मी विचारलं, कोणत्या गटात आहेस. पंच्याहत्तर किलो, तू म्हणालास. मी म्हणालो, मीपण पंच्याहत्तरच. वाटलं आता तरी बाजूला होशील.

"मंग काय झालं? पाठ तं रंगवाच लागन ना. हरवाचं थे स्टेजवर हरवू."

आणि हरवलंस. तू पहिला, मी तिसरा. त्यानंतर तू किती वेळा जिंकलास आणि मी किती वेळा, ते इथे लिहीत नाही. तुझ्याच बाजूने जास्त भरेल आणि तुला चढेल.

मला सगळ्यात जास्त राग आला तो दारव्ह्याच्या स्पर्धेत. रंग लावून झाला, मी विचारलं, मागून कसा दिसतो? तू जरा मागे सरलास, मान तिरपी करून बघितलंस आणि म्हणालास, "समोरून पहिलवान दिसते तू. मागून अजून बाबूच दिसते." तिथे आठ-दहा जण होते, सगळे खदखदून हसले. मी तुझ्याशी महिनाभर बोललो नाही. पण त्या महिन्यात मी आरशाला पाठ करून, दुसरा आरसा हातात धरून पहिल्यांदा नीट बघितलं, आणि खरंच बाबूच होतो. खांद्यापासून कंबरेपर्यंत सपाट. पुढचं वर्षभर मी पुलअप्स मारले, तळहाताची सालं निघेपर्यंत मारले. पुढच्या वर्षी तुझ्यापुढे पाठ केली तेव्हा तू बोटाने खांद्यापासून कंबरेपर्यंत रेघ ओढून बघितलीस. मग म्हणालास, "आता अवघड केलं तू माह्यं."

त्याच दिवशी आपलं ठरलं. हात मारून, शपथ घेऊन नाही, नुसतं बोलता बोलता. समोरून एकमेकांना काय पाहिजे ते म्हणायचं, घाबरवायचं, चिडवायचं, "आज पोट सुटलं तुझं" म्हणायचं. स्टेजच्या मागे तेवढं चालतंच. पण मागचं विचारलं की खरंच सांगायचं. स्वतःची पाठ कोणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यात फसवणं हे काही खेळात बसत नाही, असं तुझं म्हणणं होतं. मोबाईल आले तेव्हा मी म्हणालो, आता फोटो काढून बघत जाऊ. तू ऐकलं नाहीस. म्हणालास, फोटोत उजेड जसा पडन तसं दिसते. तू सांग.

तुझ्यासोबत उभं राहणं म्हणजे काय होतं, हे तुला कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास. परीक्षक तुलनेला बोलवायचे आणि आपण कोपराला कोपर लागेल इतके जवळ उभे राहायचो. तुझ्या अंगाची धग लागायची. मी पोज घ्यायचो तेव्हा मला कळायचं, तू अजून घेतलेली नाहीस. तू मुद्दाम एक श्वास उशीर करायचास. मग तू हात वर घ्यायचास आणि लोकांच्या नजरा माझ्यावरून सरकून तुझ्याकडे जाताना मला अंगावर जाणवायच्या. वजन तेवढंच, उंची माझी बोटभर जास्त, तरी तू आलास की स्टेज लहान व्हायचं. बाबा आयुष्यात एकदाच माझी स्पर्धा बघायला आले, त्या वर्षी मी जिंकलो होतो. ट्रॉफी मांडीवर घेऊन मी रिक्षात बसलो, आणि बाबांनी विचारलं, "तो दुसरा कोण होता रे?" मी म्हणालो, दिगंबर, बोरी अरबचा. बाबा म्हणाले, "उभा राहतो तर जागा भरल्यासारखी वाटते." मी जिंकलेलो, बाबा पहिल्यांदा आलेले, आणि कौतुक तुझं. त्या दिवशी मला तुझा जो राग आला तो तुझ्या लक्षात आला नसेल, कारण पुढच्या आठवड्यात मी तुझ्याकडे येऊन वहिनींच्या हातची भाकरी दोन घास खाऊन गेलो होतो. पण तो राग कुठे गेला नव्हता. वणीच्या स्पर्धेला तो माझ्यासोबत आला होता.

पाण्याचं आता लिहितो. बाहेरच्यांना वाटतं, हा खेळ वजनं उचलण्याचा आहे. शेवटच्या आठवड्यात तो पाण्याचा होतो. मीठ बंद, मग पाणी कमी, मग घोट घोट, मग तेही नाही. कातडीखाली पाण्याचा थर राहिला तर केलेली सगळी मेहनत झाकली जाते. मग आपल्या भाषेत म्हणायचं, "पाणी आहे अजून." आणि तो थर उतरला, कातडी स्नायूला चिकटली, की म्हणायचं, "सुकला." सुकल्यावर मात्र लगेच थोडं पाणी प्यायचं, रताळं खायचं, म्हणजे स्नायू भरून येतात. उशीर केला तर माणूस उलटा पडतो, स्नायू पिचकतात, पायात गोळे येतात. म्हणजे सगळा खेळ एका वेळेवर, आणि ती वेळ सांगणार दुसरा. पाणी शेवटी कमरेच्या मागे राहतं, तिथे स्वतःला दिसत नाही.

तू या बाबतीत हट्टी होतास. डॉक्टरने तुला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की लघवीच्या गोळ्या घेऊन पाणी काढू नको, किडन्यांचा रिपोर्ट बरोबर नाही. तो कागद तू मला बोरीच्या बाजारात, रताळी निवडता निवडता दाखवला होतास. मी म्हणालो, मग सोड. तू म्हणालास, "एक डाव प्रोफेशनल खेळतो, मंग सोडतो." आपण त्यावर रताळ्याच्या ढिगासमोर भांडलो. मी तुला आडमुठा म्हणालो, तू मला भित्रा बाबू म्हणालास, बाजारवाली म्हणाली घेताय की नाही. तिथून पुढे तो विषय तसाच राहिला. मी तेव्हा तुझ्या भल्याचंच बोलत होतो, दिगू. हे मला नक्की आठवतं, म्हणून लिहून ठेवतोय.

वणीच्या स्पर्धेत पहिला येणाऱ्या एकालाच प्रोफेशनल गटात खेळायचा परवाना मिळणार होता. तू सदतिसाचा, मी एकोणचाळिसाचा. पुढच्या वर्षी आपल्यातलं कोणीच या अंगाने उभं राहू शकणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघेही त्यावर बोलत नव्हतो.

मंगल कार्यालयात आपल्याला जी खोली दिली तिच्या दारावर 'वधूपक्ष' अशी पाटी होती. तू त्यावरून मला सकाळभर छळलंस. आठ वाजता वजनं झाली, दोघेही गटात बसलो, दहा वाजता रंगाला बसलो. बाहेर कोळशाचे ट्रक जात होते, ओल्या रंगावर धूळ बसेल म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि आत पंखा गरगरत होता. तू नेहमीप्रमाणे न सांगता माझ्यापुढे पाठ केलीस.

मी बोळ्याने रंग टेकवून, तळहाताने पसरत खांद्यापासून सुरुवात केली. हातमोजे मी कधीच वापरले नाहीत, हाताला कळत नाही त्याने. तळहात खाली खाली येत होता आणि मी मनात घाबरत होतो. इतक्या वर्षांत मी तुझी अशी पाठ पाहिली नव्हती. मणक्याच्या दोन्ही बाजूंना सगळं सुटं सुटं, बोटाने मोजावं असं. कमरेपाशी तर कातडी आहे की नाही, असं वाटलं. तू सुकला होतास. थोडा जास्तच सुकला होतास. त्या क्षणी तुला पाण्याची गरज होती.

"बाबू, मागं पाणी आहे का बे अजून?"

मी बोळा पुन्हा रंगात बुडवला. तेवढ्यात मला सगळं दिसलं. मी नाही म्हटलं तर तू ग्लासभर पाणी पिशील, रताळं खाशील, चार वाजता स्टेजवर ही पाठ भरून येईल आणि तुझ्या शेजारी मी असलो काय, नसलो काय, सारखंच. बाबाही दिसले, खरं सांगतो. रिक्षातले.

"कमरेपाशी आहे थोडं," मी म्हणालो.

"अजून?"

"थोडंच."

तू मान हलवलीस. बॅगेतून लघवीची गोळी काढलीस, आणि घोटभरही पाणी न घेता गिळलीस. मी बघत होतो. बाजारात भांडलो तसं तिथे भांडता आलं असतं. नुसता तुझा हात धरला असता तरी चाललं असतं. मी बाटलीचं झाकण लावत बसलो.

मग तू म्हणालास, "चाल, फिर." मी फिरलो आणि तू माझी पाठ रंगवलीस, सावकाश, रेघ न सोडता. शेवटी कमरेवर दोन बोटं दाबून बघितलीस.

"तू सुकला बाबू. पाणी पिऊन घे आता दोन घोट. उशीर नोको करू."

आणि मी प्यायलो, तुझ्यासमोर. तू ओठांवरून जीभ फिरवत माझ्याकडे बघत होतास आणि हसत होतास. तहानलेल्या माणसापुढे पाणी पिताना मला काही वाटलं नाही, असं नाही. वाटलं, आणि तरी मी ग्लास संपवला.

स्टेजवर काय झालं ते पाहणाऱ्यांनी पाहिलं, पण ऐकलं फक्त मी. आपल्या दोघांना शेवटच्या तुलनेला बोलावलं. समोरच्या पोजेस झाल्या. मग पाठ फिरवून हात वर घ्यायची पोज आली, तुझी पोज, जिच्यासाठी पोरं खुर्चीवर उभी राहायची. आपण दोघेही लोकांकडे पाठ करून मागच्या पडद्याकडे तोंड करून उभे होतो. या वेळी तू एक श्वास उशीर केला नाहीस. तू लवकर हात वर घेतलेस आणि तुझं सगळं अंग थरथरायला लागलं. तुझं कोपर माझ्या कोपराला लागलं होतं, ते थरथरत होतं.

"बाबू," तू ओठ न हलवता म्हणालास, "पाय वढून राह्यला."

मी पडद्याकडे बघत राहिलो. ती पोज परीक्षकांनी फार लांबवली की मलाच तशी वाटली, कोण जाणे. तू हात खाली घेतले नाहीस. 'आराम' म्हणेपर्यंत उभा राहिलास. मग माझं नाव पुकारलं गेलं, आणि तू लंगडत येऊन माझा हात धरून वर केलास. तुझा हात गार होता. चैत्रातली वणी, दिव्यांखाली सगळे घामाने निथळत होते, आणि तुझ्या अंगाला घाम नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुला उलट्या सुरू झाल्या. दारव्हा, मग यवतमाळचा दवाखाना. तिसऱ्या दिवशी मी भेटायला आलो तेव्हा तू पडल्या पडल्या माझ्याकडे बघून म्हणालास, "पह्यला आला ना बे? मंग तोंड काहून असं केलं?" अंगावरचा रंग नर्सने जमेल तसा पुसला होता, चादरीवर डाग पडले होते. सुजलेल्या चेहऱ्यात तुझे डोळे बारीक झाले होते. आणि तू पुन्हा तेच विचारलंस. मला वाटलं होतं, आता तरी विचारणार नाहीस.

"चार वाजेपर्यंत कमरेचं पाणी गेलतं का?"

तेव्हा सांगायचं होतं, दिगू. खोलीत आपण दोघेच होतो. वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या. मी म्हणालो, "गेलतं. एकदम."

"मंग हरलो कसा?"

"पोजेस कमी पडल्या," मी म्हणालो.

तू छताकडे बघत विचार करत राहिलास. तुला ते पटलं नाही, हे मला दिसत होतं. अमरावतीला एका गुणाने हरल्याचा निकाल तुला आठ वर्षं पटला नव्हता, तोच चेहरा. "माह्या पोजेस?" तू म्हणालास. "माह्या?" मग नर्स आली आणि मला बाहेर काढलं. चौथ्या दिवशी सकाळी तू गेलास.

डॉक्टर वहिनींना म्हणाले, किडन्या आधीपासून खराब होत्या, हे एका दिवसाचं नसतं. मी दाराशी उभा राहून ते वाक्य ऐकलं आणि तिथून आजपर्यंत रोज वापरलं. आंघोळ करताना वापरतो, जेवताना वापरतो. ते खोटं नाही. तुझ्या रिपोर्टचा कागद मी बाजारात स्वतः पाहिला होता. पण ते वाक्य संपलं की लगेच तू विचारतोस, मागं पाणी आहे का बे. रोज त्याच आवाजात, खेळीमेळीने, उत्तराची खात्री असलेल्या माणसासारखा.

जिममध्ये मी आरशासमोर उभा राहिलो की डावीकडे एका माणसाची जागा सोडतो. ठरवून नाही. परवा एक जण म्हणाला, दादा, मधे या ना, एवढे कोपऱ्यात का. मी मधे सरकलो. पोज घेतली, आणि एक श्वास थांबलो, तू हात वर घेण्याची वाट बघत. आरशात मी एकटाच हात वर करून उभा होतो. रस्त्याने चालताना पाठीमागे कोणी आलं की मला पाठीवर दोन बोटं टेकल्यासारखी वाटतात. मी वळत नाही. कोण नसणार, हे माहीत असतं. कोणी असलंच तर काय सांगू, हाही प्रश्न असतो.

काल तुझी तेरवी झाली. बोरीला सगळं गाव होतं. पंगती उठल्या, मांडव सोडायला सुरुवात झाली, आणि वहिनींनी मला मागच्या खोलीत बोलावलं, जिथे तुझे डंबेल्स भिंतीला लावून ठेवले आहेत. त्यांना मला बरं वाटेल असं काहीतरी सांगायचं होतं. मी रडवेला दिसत होतो म्हणे.

"भाऊजी, तुमचा लय भरोसा होता त्यायले," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी वणीहून यायनं मले व्हिडिओवर फोन लावला. रंग लावून झालता. फोन खिडकीत ठेवला आन् पाठ दाखवली मले. मी तं भ्यालीच. म्हटलं, हे काय, हाडं दिसून राह्यले, पाणी प्या तुमी आता. तं म्हणे, मलेबी वाटून राह्यलं सुकलो म्हणून. जीभ चिकटली म्हणे. पण बाबूनं सांगतलं अजून आहे. मी म्हटलं, तुमाले स्वतःले समजत नाही का? तं म्हणे, पाठीचं तो खोटं नाही सांगत."

तुला कळलं होतं. तुझ्या जिभेला कळलं होतं, तुझ्या बायकोला दिसलं होतं, आणि तू माझा शब्द वर ठेवलास. इतके दिवस मी एवढ्यावर तग धरून होतो की तुझी पाठ तुला दिसत नव्हती, म्हणून तू फसलास. वहिनींनी तेही काढून घेतलं, आणि त्या मला धीर देत होत्या.

मी तिथे खाली बसलो आणि सांगितलं. सगळं. बोळा रंगात बुडवला ते, गोळी बघितली ते, दवाखान्यातलं. बाबांचंही सांगितलं, त्याचा काही संबंध नव्हता तरी. त्या उभ्याच होत्या. बाहेर कोणीतरी मांडवाचे बांबू एकावर एक टाकत होतं. मला वाटलं, आता शिव्या देतील, भाऊबंदांना हाक मारतील. मला ते हवं होतं.

पदराने त्यांनी डंबेलवरची धूळ पुसली. खूप वेळ पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले कायले सांगता? मी इचारलं होतं का तुमाले? ज्यानं इचारलं होतं त्याले सांगा."

आणि त्या बाहेर गेल्या. जाताना दार ओढून घेतलं नाही. मी उठून मागच्या दाराने निघालो, बसस्टँडवर आलो, घरी पोचलो. परवान्याचं पत्र टेबलावर पडलं होतं. मी त्या प्रोफेशनल स्पर्धेला जाईन की नाही, मला ठाऊक नाही. नाही जाणार, असं इथे लिहिलं तर चांगलं दिसेल. पण मनात विचारतो तर अजून जावंसं वाटतं, आणि स्वतःची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

ज्याने विचारलं होतं त्याला सांगतो.

नव्हतं, दिगू. कमरेपाशी नव्हतं, कुठेच नव्हतं. चौदा वर्षांत मी तुझी तशी पाठ पाहिली नाही, कोणाचीच पाहिली नाही. तुझ्या पोजेस कमी पडल्या नाहीत. वणीला सकाळी दहा वाजता, वधूपक्षाच्या खोलीत, तू मला हरवून बसला होतास. तुला फक्त पाणी प्यायचं होतं.